बास्केटबॉल मशीन : स्कोअर पडून नाही राहिला, अन् हात लावला की झिणझिण्या

पाळणेवाला

नमस्कार मंडळी. मी आर्णीकडचा. जत्रेत पाळणे, जम्पिंग, नेमबाजी असं सामान लावतो. यंदा दोन रिंगचं बास्केटबॉल मशीन घेतलं. जुनंच आहे, शहरातल्या एका बंद पडलेल्या गेम झोनचं. पोट्टे तुटून पडतात त्याच्यावर, धंद्याची तक्रार नाही, पण मशीननं डोकं उठवलं आहे.

दुपारी तीन वाजून गेले की डाव्या रिंगचा स्कोअर पडत नाही. बॉल जाळीतून बरोबर जाऊन राहिले, चारचौघांना दिसून राहिलं, अन् आकडा जागचा हलत नाही. पोट्टे भांडतात, पैसे वापस मागतात. सूर्य बुडाला की तीच रिंग शहाण्यासारखी चालते. उजव्या रिंगचं उलटंच. कोणी बॉल टाको न टाको, वारा सुटला की गुण चढून जातात.

संध्याकाळी तिसरंच नाटक. खेळ सुरू करताना बॉल सोडणारं गेट उचलते, टक् आवाज येते, गेट अर्ध्यात लटकते अन् सगळे आकडे विझून मशीन पहिल्यापासून सुरू होते. शेजारचा ब्रेकडान्स, म्हणजे तो गरगर फिरणारा पाळणा, चालू झाला की हमखास.

अन् फ्रेमला हात लावला की झिणझिण्या येतात. चप्पल घातलेल्याला नाही, अनवाणी पोट्ट्यांना जास्त. मंडपवाला म्हणते, लोखंडी सामान आहे, एवढं चालतेच.

गावच्या टीव्ही रिपेअरिंगवाल्यानं पाहिलं अन् बोर्ड गेला म्हणून सांगितलं. बोर्ड बाहेरून मागवावा लागते. पैसे घालायच्या आधी इथं विचारून पाहतो. पुढं मार्कंड्याच्या जत्रेत मशीन न्यायचं आहे.

वायरमन_काका

स्कोअरचं राहू द्या. पयले मशीन बंद करा, मंग बाकीचं बोलू. थ्या मंडपवाल्याले म्हणा, चप्पल काढ, ओल्या जागेवर उभा राह्य, अन् फ्रेमले धरून मले सांग की चालते म्हणून.

तीन पिनचा प्लग हाये का मशीनले? असन तर मंडपात थ्याची तिसरी तार कुठं जाते थे पाह्यजा. माह्या अनुभवात दहा मंडपांतल्या नवांत थे बोर्डाच्या मांगं लोंबकळत असते, नाही तर तोडून टेप गुंडाळलेला असते.

सोल्डर_धूर

काकांशी पूर्ण सहमत. आधी झिणझिण्या, मग स्कोअर.

झिणझिण्या कुठून येतात ते सांगतो, म्हणजे "चालतेच" म्हणणाऱ्याला उत्तर देता येईल. मशीनमध्ये एसएमपीएस असतो, मेनच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा तो जाळीचा पत्र्याचा डबा. त्यात आत, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. वीजेतला खरखराट बॉडीतून अर्थिंगमध्ये सोडून देण्यासाठी ते आहेत. अर्थिंग जोडलेली असेल तर काही कळत नाही. ती तुटली की हे दोन कपॅसिटर मिळून बॉडीला साधारण निम्म्या व्होल्टेजवर नेऊन ठेवतात, म्हणजे ११५ च्या आसपास. त्यातून वाहणारा करंट अगदी थोडा असतो, एक मिलिअँपिअरच्याही आत. म्हणून माणूस चिकटत नाही, नुसता मुंग्या आल्यासारखा हात झटकतो.

आता गोम अशी की टेस्टर लावला तर तो या निरुपद्रवी गळतीलाही पेटतो आणि उंदराने कुरतडलेली फेजची वायर फ्रेमला टेकली असेल तरीही पेटतो. हातालाही सुरुवातीला फरक कळत नाही. आज मुंग्या आहेत, उद्या तीच फ्रेम पूर्ण फेजवर असेल. त्यामुळे अंदाज करत बसायचंच नाही. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), दोन्ही हवेत.

रुईवाला

उजव्या रिंगबद्दल विचारतो. वारा सुटला की गुण चढतात म्हणता, तर बाजूला कापसाची जिनिंग आहे का? मी हिंगणघाटचा. सीझनमध्ये आमच्याकडे पंख्याच्या पात्यापासून दुधाच्या पातेल्यापर्यंत सगळ्यावर रुईचे तंतू बसतात. आमच्या इथल्या एका गेमवाल्याची रिंग अशीच आपोआप मोजायची. सेन्सरच्या भोकात रुईचा बोळा अडकला होता, हवेनं हलायचा, मशीनला वाटायचं बॉल गेला.

पाळणेवाला

जिनिंग लांब आहे. पण धूळ भरपूर. मशीन आजपासून बंद ठेवलं आहे काका, तुमच्या शब्दावर.

सेन्सर कोणते आहेत ते पाहिलं. रिंगच्या खाली दोन्ही बाजूंनी पाईपात बसवलेली काळी बोंडं आहेत, समोरासमोर. एकाला दोन वायरी, दुसऱ्याला तीन.

सोल्डर_धूर

मग एका बाजूचा एलईडी आणि दुसऱ्या बाजूचा रिसीव्हर. दोन वायरींचा बहुधा एलईडी असेल, तीन वायरींचा रिसीव्हर. मधली अदृश्य रेघ बॉलने तोडली की एक गुण. रेघ दिसत नाही कारण ती इन्फ्रारेड आहे. पण मोबाईलच्या कॅमेऱ्याला दिसते. मशीन चालू करून एलईडीकडे कॅमेरा धरा, स्क्रीनवर जांभळट ठिपका दिसला पाहिजे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच चांगली असते, पुढच्यात तेवढी नसते. आधी टीव्हीच्या रिमोटवर करून बघा, म्हणजे तुमच्या फोनची खात्री होईल.

डाव्या रिंगचं दुखणं मला इथूनच दिसतंय. तुमच्या मशीनचं तोंड दक्षिणेला आहे ना? म्हणजे खेळणारा उत्तरेकडे बघून टाकतो, आणि त्याच्या डाव्या हाताला पश्चिम.

पाळणेवाला

बरोब्बर! रस्ता दक्षिणेला आहे म्हणून तोंड तिकडं ठेवलं. तुम्ही कसं ओळखलं?

सोल्डर_धूर

सूर्याने सांगितलं. उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असतो. तिन्हीसांजेकडे कलता सूर्य डाव्या बाजूच्या जाळीतून तिरपा आत येतो आणि पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या रिसीव्हरवर पडतो. मग बॉलने एलईडीची रेघ तोडली तरी रिसीव्हरला उजेड मिळतच राहतो. त्याच्या लेखी बॉल गेलाच नाही. उजवी रिंग डावीच्या आडोशाला आहे म्हणून सुटते.

चांगल्या मशीनमध्ये एलईडी सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतो आणि रिसीव्हर तेवढाच लुकलुकणारा उजेड मोजतो. ३८ किलोहर्ट्झ ही त्यातली नेहमीची चाल, टीव्हीच्या रिमोटमध्येही हीच. उन्हाचा उजेड लुकलुकत नाही, म्हणून असा रिसीव्हर बराच तगतो. स्वस्त मशीनमध्ये साधा, सतत जळणारा एलईडी असतो. ही मशीन मॉलमध्ये, छताखाली ठेवायला बनवतात. बनवणाऱ्याच्या डोक्यात विदर्भातली दुपार नसते.

उपाय फुकटातला आहे. एलईडी आणि रिसीव्हरच्या जागा बदला. रिसीव्हर पूर्वेकडे बघू दे. सकाळचं ऊन त्याला त्रास देईल, पण सकाळी जत्रेत गिऱ्हाईक कुठे असतं? त्याशिवाय रिसीव्हरच्या तोंडावर बोटभर लांबीची काळी नळी चढवा. आतून काळी आणि खरखरीत हवी, गुळगुळीत असेल तर ऊन तिच्यात आपटत आपटत आत पोचतं. जागा बदलल्यावर समोरासमोर रेघ लावायला दोन्ही भोकांतून दोरा ताणून बघा.

निळी_फळी

मशीनचं तोंडच फिरवलं तर? पश्चिमेला तोंड केलं की सेन्सर उत्तर-दक्षिण होतील आणि खेळणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊनही येणार नाही.

सोल्डर_धूर

ताई, विचार बरोबर आहे. पण मग ऊन थेट आकड्यांच्या पट्टीवर पडतं आणि लाल आकडे पुसट होतात. पोरांना स्कोअर दिसला नाही तर खेळ संपलाच. जागेप्रमाणे ठरवावं लागेल.

उनाड

एक बाळबोध शंका. हे मशीन काढलं कोणी? आपल्याकडे पाच-सात वर्षांतच सगळीकडे दिसायला लागलं.

निळी_फळी

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये सुरू केला. हिवाळ्यात पोरांना आत खेळायला काहीतरी हवं म्हणून. पहिली रिंग म्हणजे पीच नावाच्या फळांची टोपली होती, बॉल काढायला शिडी लागायची. एकट्याने ठरावीक वेळात भराभर टाकायचं हे मशीन मात्र बरंच अलीकडचं. केन कॉक्रन या प्रशिक्षकाने १९८१ मध्ये कॅन्ससमध्ये पॉप-अ-शॉट काढलं, तिथून ही जात पसरली.

मी शाळेत खेळ शिकवते, म्हणून एवढं माहीत. खरी रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच आणि साधारण ४५ सेंटिमीटर रुंद असते. मशीनची दोन्हीकडे लहान. मशीनवर पन्नास टाकणारा आमच्या मैदानावर रिंगलाही लावत नाही, हा माझा नेहमीचा वैताग. पण बॉलला हात तर लागतो पोरांचा, तेही काही कमी नाही.

पाळणेवाला

ताई, आमच्या तालुक्यात कित्येक पोट्ट्यांनी बास्केटबॉल पहिल्यांदा याच मशीनवर पाहिला.

बातमी अशी. उजव्या रिंगचं सापडलं! रुईवाले भाऊंचा अंदाज जवळचा होता. रुई नाही, रिंगच्या जाळीचाच एक दोरा. जाळी खालून उसवली आहे, एक दोरा बरोबर सेन्सरच्या समोर लोंबकळतो, टोकाला गाठ. वारा आला की गाठ रेघेत येते अन् जाते. दोरा कापला, टोक काडीपेटीनं जाळून बसवलं. पंखा लावून पाहिला, एक गुण चढला नाही.

डावीकडं जागा बदलल्या, काळ्या रबरी पाईपचा तुकडा लावला. उन्हात दुपारभर टाकून पाहिले, सगळे मोजले. पण बोर्डाचं रिस्टार्ट होणं आहे तसंच. मंडपवाला म्हणे, व्होल्टेज कमी आहे, एसएमपीएसच्या बाजूला लाल बटण आहे ते २३० वरून ११५ वर सरकव, मग कमी व्होल्टेजवर चालेल. सरकवू का?

वायरमन_काका

हात लावू नोको!!

सोल्डर_धूर

अजिबात नाही. या सल्ल्याने जळालेले एसएमपीएस माझ्या टेबलावर येतात.

ते बटण ११५ वर गेलं की आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करणारं होतं. अमेरिकेतल्या विजेवर चालावं म्हणून ती सोय. आत दोन मोठे कपॅसिटर असतात, प्रत्येकी साधारण २०० व्होल्टचे. २३० वर ठेवलेलं असताना ३२५ व्होल्ट दोघांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी १६० च्या आसपास. ११५ वर सरकवून पूर्ण वीज आली तर प्रत्येकाच्या बोकांडी अख्खे ३२५. संध्याकाळी १७० व्होल्ट असेल तेव्हाही प्रत्येकावर २४० जातात, तेही जास्तच. आणि रात्री मोटारपंप बंद होऊन व्होल्टेज वर उसळलं की धडाड.

कमी व्होल्टेजवर खरा इलाज म्हणजे ज्याच्यावर "१०० ते २४० व्होल्ट" लिहिलंय असा, बटण नसलेला एसएमपीएस घेणे. तो १५० वरही कुरकुर करत नाही. बटणवाले साधारण १८० च्या खाली गेले की हात टेकतात.

पण माझा संशय अजून व्होल्टेजवर पूर्ण नाही. मीटर आहे का? १२ व्होल्ट दोन ठिकाणी मोजा. एकदा एसएमपीएसच्या स्क्रूवर, एकदा बोर्डाच्या कनेक्टरवर, आणि दोन्ही वेळा गेट उचलत असताना. गेट शांत असताना मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

झाडीपट्टी

काका, आपल्याकडे सायंकाळी व्होल्टेज एवढं पडतं, त्याला स्टॅबिलायझर का नाही सांगत कोणी? आमच्या दुकानात फ्रीजला आहे.

वायरमन_काका

लावा, पण थ्याचं कारण येगळं. कमीपेक्षा जास्तीचं भेव मोठं. मंडपात थ्री फेज येते अन् मांडणीवाला घाईत न्यूट्रल नुसता पिळून टाकते. थो न्यूट्रल सुटला की एका फेजवर पाळण्याचे दिवे मंद होतात, अन् दुसऱ्या फेजवर तुमच्या मशीनले तीनशे-साडेतीनशे भेटतात. ज्याच्यावर फार भार थ्याच्यावर कमी, ज्याच्यावर कमी थ्याच्यावर जास्त. मशीनचा भार तर कमीच. जास्त झालं की तोडून टाकणारा कटऑफ असलेला स्टॅबिलायझर घ्या. अन् दिवे अचानक डोळे दिपवाले लागले तर कोणाले इचारू नोका, मेन पाडा.

पाळणेवाला

मोजलं. बटणाला हात लावला नाही.

दिवसा, वीज चांगली असताना, एसएमपीएसवर १२.१. बोर्डावर गेट शांत असताना ११.८. गेट उचलताना एसएमपीएसवर १२.०, अन् बोर्डावर ९.७! मग बोर्डाचा पांढरा कनेक्टर ओढून पाहिला. काळ्या वायरीच्या पिनजवळ प्लॅस्टिक तपकिरी झालं आहे, पिन काळी, अन् वायर हलवली की आतल्या आत फिरते.

सोल्डर_धूर

सापडला चोर. बोर्ड ठणठणीत आहे.

गेटची सोलेनॉइड, म्हणजे गेट उचलणारी विजेची गुंडाळी, एकदम करंट ओढते. त्या सैल पिनमध्ये दोन व्होल्टहून जास्त गिळले जातात, तिथेच उष्णता होते, उष्णतेने पिन आणखी सैल, असं चक्र चालू. बोर्डाची वीज अशी एकदम खचली की प्रोसेसर कोलमडून पहिल्यापासून सुरू होतो. संध्याकाळी जास्त का, तर तेव्हा एसएमपीएसही टेकीला आलेला असतो, त्याचंही व्होल्टेज खचतं आणि दोन्ही मिळून बेरीज होते. टेम्पोतून खडखडत जत्रा करणाऱ्या मशीनचे कनेक्टर दर हंगामात ओढून बघायचे असतात.

पिन नुसती डाग देऊन चिकटवू नका. कनेक्टरची दोन्ही अंगं नवी टाका, पिन दाबायच्या पकडीनेच दाबा. १२ व्होल्टची आणि काळी, या दोन वायरी एक नंबर जाड घ्या.

त्याच वेळी सोलेनॉइडच्या दोन टोकांवर आडवा डायोड आहे का बघा, १एन४००७ असतो बहुतेक. गुंडाळीचा करंट तोडला की उलटा मोठा झटका येतो, तो हा डायोड पचवतो. डायोड आतून तुटला असेल तर झटका बोर्डावर जातो, कधी रिस्टार्ट, कधी ट्रान्झिस्टरच मरतो. दिशा चुकवू नका, पट्टीचं टोक प्लसकडे.

गेट उघडल्यावर सोलेनॉइड खेळ संपेपर्यंत ओढूनच धरते की उघडून सोडते?

पाळणेवाला

धरून ठेवते. हात लावला तर चटका बसते.

सोल्डर_धूर

मग वरचं पत्र्याचं झाकण बंद ठेवू नका, हवा जाऊ दे. अशा गुंडाळीचा वार्निश उन्हाळ्यात जळतो. वास आला की ओहम मोजा. नवीन गुंडाळीचा आकडा आत्ताच वहीत लिहून ठेवा, घसरत चालला तर आतले वेढे एकमेकांना चिकटताहेत. काही जण गेट काढून चारचाकीची वायपर मोटर आणि दोन लिमिट स्विच (टोकाला पोचलं की दाबले जाणारे) बसवतात. मोटर गेट उघडून थांबते, सतत करंट खात नाही. जुगाड आहे, पण चांगला.

रुईवाला

धूळ काढताना पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने थेट बोर्डावर हवा मारू नका. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं, फवाऱ्यासारखं येतं. आधी रंगाच्या कोरड्या ब्रशने झटका, मग लांबून हवा. आणि वायरींच्या भोकांना बारीक लोखंडी जाळी ठोका. आमच्याकडे उंदीर तर आहेतच, पण पाल बोर्डावर उबेला बसते आणि दोन पिनांच्या मध्ये मरते. पावसाळ्यात गोदामात ठेवाल तेव्हा हमखास.

निळी_फळी

बॉलबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मशीनमध्ये बहुतेक ३ नंबरचा रबरी बॉल असतो, साधारण १८ सेंटिमीटर व्यासाचा. जत्रेवाले सकाळी थंडीत टणक हवा भरतात आणि दुपारी मशीन उन्हात. २५ अंशांना ५ पीएसआय भरलेला बॉल ५० अंशांना साडेसहाच्या वर जातो. तो रिंगवरून उडून जातो, उताराच्या नळीत अडकतो, गेटखाली फसतो. तुमच्या गेटच्या त्रासात याचाही वाटा असू शकेल. उन्हाळ्यात थोडी कमी हवा ठेवा. छातीच्या उंचीवरून सोडला तर कमरेपर्यंत उसळावा, एवढं माप पुरे.

सुई ओली करून घाला, कोरडी घातली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं. तेल नको. बॉल साबणाच्या पाण्याने धुवा. थिनर, पेट्रोल लावलं की रबर चिकट होऊन मग तडकतं. आणि कृपा करून धुवाच, पोरं जिलेबीच्या हातांनी खेळतात.

सोल्डर_धूर

ताईंच्या बोलण्यात भर. ज्यांच्या मशीनमध्ये समोरासमोर सेन्सर नसून एकाच बाजूचा, बॉलवरून परतणारा उजेड बघणारा सेन्सर आहे (तपकिरी, निळी, काळी वायर आणि मागे छोटा स्क्रू), त्यांनी बॉल धुतले नाहीत तर स्कोअरच पडणार नाही. मळून काळा झालेला बॉल उजेड परत पाठवत नाही. लोक स्क्रू फिरवून अंतर वाढवत बसतात, मग सेन्सर समोरची फळीच बघायला लागतो.

झाडीपट्टी

मलाही एक जुनं बघायचं आहे, दुकानापुढे ठेवायला. घेताना काय तपासू? नाण्याचं यंत्र चालू पाहिजे का? आमच्याकडे १० चं नाणं कोणी घेत नाही.

उनाड

१० च्या नाण्याचे १४ प्रकार चालतात असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय. आमचा किराणावाला अजून "नाही चालत" म्हणतो. मशीन घेईल, माणूस घेणार नाही.

पाळणेवाला

जत्रेत नाण्याच्या भानगडीत पडूच नका. लोक फोननं पैसे देतात. नाणं पडल्यावर यंत्र बोर्डाला एक छोटा सिग्नल देते, त्या दोन वायरींना समांतर घंटीचं साधं बटण जोडलं आहे. पैसे घेणारा पोट्टा बटण दाबते. तेवढं बटण टेबलाखाली लपवून ठेवा, नाही तर शेजारचे पोट्टे दाबून जातात.

सोल्डर_धूर

घेताना मशीन किमान तासभर चालवून बघा, थंड मशीन सगळ्यांचंच चांगलं असतं. एसएमपीएसमध्ये टॉर्च मारून कपॅसिटरची डोकी बघा, फुगलेली नकोत. आकड्यांचे सगळे भाग पेटतात का ते ८८ दाखवून बघा. गेट वीस-पंचवीस वेळा उघडा. रिंग डावी-उजवी सरकणारी असेल तर दोन्ही टोकांचे लिमिट स्विच हाताने दाबून मोटर उलटते का बघा. तो स्विच चिकटला की मोटर रेटत राहते आणि गिअरचे दात झडतात. बोर्डाच्या वरच्या चिपवरचा नंबर खरवडलेला असेल तर बोर्ड गेल्यावर दुरुस्ती विसरा, भाव तसाच करा.

उनाड

यंदा बहिरमच्या जत्रेत कोणी मशीन लावलं होतं का? मी रोडगे आणि हंडीच्या नादात पुढे गेलोच नाही.

रुईवाला

दोन होती. दोन्हींच्या फ्रेमला अर्थिंग नव्हती. मी रोडगे खाऊन झाल्यावर पाहिलं, म्हणून उशीर झाला सांगायला.

पाळणेवाला

कनेक्टर बदलला, वायरी जाड टाकल्या, डायोड नवीन. आता गेट उचलताना बोर्डावर ११.७. ब्रेकडान्सवाल्यानं कितीही वेळा सुरू केलं तरी आकडे जागचे हलत नाहीत. टीव्हीवाल्याला सांगितलं, तो म्हणे मग बोर्ड आपोआप सुधारला असेल.

आरसीसीबी पेटीत बसवला. घरी काळ्या मातीत रॉड ठोकला, फ्रेमच्या झिणझिण्या पूर्ण बंद. पण काका, मार्कंड्याला माझी जागा वैनगंगेच्या काठावर, वाळूत आहे. तिथं रॉड काय कामाचा? अन् वीज जनरेटरची.

वायरमन_काका

आपली काळी माती ओली असन तं अर्थिंगले सोनं. अर्थिंगच्या खड्ड्यात भराले बेंटोनाइट इकत आणतात, थ्यात अन् आपल्या मातीत मूळ चिकणमाती एकच. पण उन्हाळ्यात तिले भेगा पडतात अन् रॉडच्या भोवती फट पडते. थ्या वक्ती पाणी टाकत राहाले लागते.

कोरडी वाळू मातर बेकार. वरची वाळू उपसा, ओल लागे लोक खाली जा, मंग रॉड ठोका. दोन ठोका, दोघांत रॉडच्या लांबीयेवढं तरी अंतर ठेवा, जाड तारेनं जोडा. सकाळ-संध्याकाळ पाणी. एवढं करूनही आकडा काही चांगला येणार नाही, समजा ५० ओहम आला. फेज फ्रेमले टेकली तं २३० भागिले ५०, साडेचार अँपिअर. थ्याच्यानं १६ अँपिअरचा एमसीबी, म्हंजे जास्त करंटवर पडणारा साधा स्विच, रातभर पडत नाही. म्हणून आरसीसीबी. थो ३० मिलिअँपिअरवर पडते, थ्याले ५० ओहम चालते, पाचशेही चालते.

पण जनरेटरवाल्याले एक इचारजा, न्यूट्रल अर्थ केला का? थ्यानं केला नसन तं तुमच्या रॉडमधून करंटले वापस जाले रस्ताच नाही, अन् आरसीसीबी गुमान बसून राहीन. त्यानं जनरेटरच्या बाजूले रॉड ठोकून न्यूट्रल थ्याले जोडला पाह्यजे, थेही जनरेटरपाशीच, तुमच्या पेटीत नाही. तुमच्या पेटीत जोडला तं आरसीसीबी भलत्याच वक्ती पडत राहीन.

पाळणेवाला

जनरेटरवाला नाही म्हणाला तर?

वायरमन_काका

तं यात्रेच्या समितीले सांगा. एकाच जनरेटरवर पाळणे, दुकानं, भोंगे सगळे असतात, तुमचं एकट्याचं काम नाही थे. थे होये लोक मशीन ताडपत्रीखाली राहू द्या. अन् आरसीसीबीचं टेस्टचं बटण रोज मशीन चालू करायच्या आधी दाबजा. पडला तं लावा. नाही पडला तं मले फोटो टाका.